सांडलेल्या पाण्याची बखर

मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली आणि पुढे डोंगराच्या पोटातून नहर काढून तिला पाणी पाजले, ही हकीकत मराठवाड्यात शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्या खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले व आता छत्रपती संभाजीनगर. परंतु आलेले पाणी वापरून झाल्यावर कोठे गेले, हे लिहून ठेवण्याची आवड आमच्या बखरकारांस नव्हती. पाणी आणणाऱ्याची कीर्ती होते. सांडलेल्या पाण्याची विल्हेवाट लावणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

शहराच्या पूर्वेस, जालन्याच्या वाटेवर असलेल्या शेंद्र्यास आज ही उपेक्षा परवडण्याजोगी नाही. तेथे मोटारींचे व मद्यार्काचे कारखाने उभे आहेत. त्यास लागूनच ऑरिक ही नवी उद्योगनगरी वसली असून तिच्या योजनेत सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची तरतूद आहे. प्रदेश अवर्षणाचा, आधार पैठणच्या जायकवाडी धरणाचा. अशा ठिकाणी घाण पाणी स्वच्छ करणे म्हणजे नवे पाणी मिळविणेच होय. हे काम जे करतात, त्या डोळ्यांस न दिसणाऱ्या चाकरांचा इतिहास थोडक्यात सांगावा, असा आमचा हेतू आहे.

ओढ्यातील दगडावरचा बुळबुळीत थर आपण पायाखाली नित्य अनुभवतो. ती सूक्ष्म जंतूंची वसाहत होय. हॉलंडच्या लेवेनहुकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरील कीट भिंगाखाली धरून अशीच एक वसाहत पाहिली होती. हे जंतू स्वतःच चिकट द्रव्य निर्माण करून त्यात घर करतात आणि जवळून वाहणारी घाण खाऊन जगतात. अमेरिकेतील लॉरेन्स येथे १८८७ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेने वाळू व खडीच्या थरांवर मैलापाणी सोडून पाहिले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. खडी पाणी गाळते एवढ्याने ते शुद्ध होत नाही. खडीवर वसलेले जंतू ते शुद्ध करतात.

याच सुमारास आमच्या मुंबईतही एक प्रयोग झाला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय करून त्यावर यंत्र चालविल्याची नोंद आढळते. समाजाने ज्यांस दूर लोटले, त्यांच्या टाकाऊतून शक्ती निघाली! हे उदाहरण हाताशी असूनही आपल्याकडे त्याचा विस्तार त्या वेगाने झाला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पुढे १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी खडी वगळून पाण्यातच हवा खेळविली. जंतूंचे हलके पुंजके तयार झाले. त्यांस मार्ग दाखविणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत येऊन राहिले. परंतु पुंजके हळूहळू खाली बसतात. त्यामुळे मोठे हौद, मोठी जागा आणि हवा देण्यास पुष्कळ वीज लागते. साऱ्या इतिहासाचा पेच येथेच आहे: पाणी जावे, पण जंतू राहावेत.

तो पेच हॉलंडच्या गात्झे लेटिंगा यांनी १९७० नंतरच्या दशकात सोडविला. त्यांनी बंद टाकीत पाणी खालून वर चढविले. हलके होते ते वाहून गेले. जड होते ते एकमेकांस चिकटून एक ते तीन मिलिमीटरांचे कण बनले. आत पाणी काही तास थांबते, पण कण महिनोन्महिने राहतात. एका कणात जणू बलुतेदारांचे गावच नांदते: कोणी घाणीचे आम्ल करतो, कोणी त्या आम्लाचे साधे रूप, आणि अखेरचा त्याचा जळाऊ वायू. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे अन्न. ही रीत १९८९ साली कानपुरास आली. हवेवर वाढणारे कणही पुढे साधले. हॉलंडमधील एपे येथे २०१२ साली त्यांवर नगराचे सांडपाणी शुद्ध होऊ लागले.

मात्र हे गाव नाजूक आहे. एखाद्या दिवशी तीव्र सांडपाणी एकदम सोडले, तर आम्ल साचते, वायू करणारे जंतू थंडावतात, आणि महिन्यांनी जमलेली वस्ती थोड्या दिवसांत विसकटते. ती पुन्हा बसण्यास पुन्हा महिने लागतात. कारखान्याचे यंत्र बिघडले तर सुटा भाग विकत आणता येतो. जंतूंची शिस्त मात्र रोजच्या निगराणीनेच टिकते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, शेंद्र्यासारख्या ठिकाणी जो मनुष्य हौदाच्या काठी उभा राहून पाण्याचा आम्लपणा रोज मोजतो, त्याची योग्यता नहर खोदणाऱ्याहून उणी लेखू नये. त्याने पाणी आणले. हा ते दुसऱ्यांदा आणतो.