लेस पॉल : श्रेय आणि स्मरण

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल ऑगस्ट २००९ मध्ये निवर्तले, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे १९१५ साली जन्मलेल्या या वादकाला अनेक मृत्युलेखांनी भरीव विद्युत् गिटारचे जनक ठरविले. हे श्रेय पुराव्याच्या कसोटीवर जसेच्या तसे टिकत नाही.

१९४१ च्या सुमारास पॉल यांनी पाइनच्या चार इंच जाडीच्या ओंडक्यावर तारा व पिकअप बसविले. पोकळ गिटार ध्वनिवर्धकाच्या आवाजाने स्वतःच कंप पावते व शीळ उठते. भरीव लाकडात ती अडचण फारशी येत नाही. ओंडका विचित्र दिसे, म्हणून त्याला गिटारच्या पेटीच्या दोन बाजू केवळ शोभेसाठी जोडल्या. गिब्सन कंपनीने ही कल्पना प्रथम नाकारली. लिओ फेंडर यांची भरीव गिटार १९५० मध्ये बाजारात आल्यावर कंपनीला जाग आली आणि १९५२ मध्ये पॉल यांच्या नावाची गिटार निघाली. तिच्या घडणीचे बरेचसे श्रेय मात्र कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी यांनी स्वतःकडे व आपल्या सहकाऱ्यांकडे घेतले.

पॉल यांचे खरे कार्य ध्वनिमुद्रणात आहे. तोवर तबकडी ही बहुधा एका बैठकीतील वादनाची साक्ष असे. १९४८ च्या ‘लव्हर’मध्ये गिटारचे आठ भाग एकट्या पॉल यांचे होते. एक तबकडी वाजवीत तिच्या साथीने दुसरी मुद्रित करायची, अशी ती रीत. येथेही पहिलेपणाचा मोह आवरावा लागतो, कारण सिडनी बेशे यांनी १९४१ मध्येच अनेक वाद्ये स्वतः वाजवून असे मुद्रण केले होते. परंतु बेशे यांचा तो प्रयोग होता. पॉल यांनी त्याची पद्धती केली. बिंग क्रॉस्बी यांनी १९४९ मध्ये दिलेल्या अँपेक्स टेपरेकॉर्डरला त्यांनी एक जादा हेड बसविले. आधीचे वादन त्यातून वाचले जाई, नव्यात मिसळून त्याच फितीवर उतरे आणि मूळ पुसले जाई. दहाव्या फेरीत बोट चुकले, तर आधीच्या नऊ फेऱ्यांचे कष्टही वाया जात. पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह केलेले १९५१ चे ‘हाउ हाय द मून’ याच जोखमीतून सिद्ध झाले. १९५७ मध्ये अँपेक्सने त्यांच्यासाठी आठ ट्रॅकचे यंत्र तयार केले आणि प्रत्येक सूर स्वतंत्र राखणे शक्य झाले.

२००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला, तोही भरीव गिटारसाठी!