क्रोम पिवळा: खाणीतून हळदीपर्यंत

उरल पर्वतात, येकातेरिनबुर्गजवळ, बेरेझोव्स्कीची सोन्याची खाण आहे. अठराव्या शतकात तिथे सोन्यासोबत एक नारिंगी-लाल स्फटिक निघायचा. त्याला 'सैबेरियातलं लाल शिसं' म्हणत. कुटला की त्याची झकास पिवळसर पूड व्हायची, म्हणून चित्रकारांचा त्यावर डोळा असे. पण एवढ्या लांबून आलेला माल परवडणार कोणाला?

हा खडा पॅरिसमध्ये लुई-निकोला व्होक्लँच्या हाती आला. नॉर्मंडीतल्या शेतमजुराचा हा पोरगा, जन्म १७६३चा. रूआँला एका औषधवाल्याकडे बाटल्या धुवायला राहिला. मालक विद्यार्थ्यांना शिकवायचा तेव्हा हा चोरून टिपणं काढी, आणि एकदा मालकाने ती वही फाडून टाकली, असं सांगतात. पुढे पॅरिसला फूर्क्रुआ या बड्या रसायनशास्त्रज्ञाने त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि त्याचं नशीब पालटलं.

१७८९मध्ये व्होक्लँने माकार नावाच्या सहकाऱ्यासोबत लाल शिशाची चिकित्सा केली. उत्तर चुकलं: शिसं, लोह आणि ॲल्युमिना, एवढंच त्यांना दिसलं. आठ वर्षांनी त्याने तोच खडा पुन्हा हाती घेतला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. आपलंच छापून आलेलं उत्तर कोण मुद्दाम खोडायला बसतो? त्याने पूड पोटॅशच्या पाण्यात उकळली. शिसं तळाला बसलं, वर पिवळं पाणी राहिलं. त्यात पाऱ्याचा क्षार टाकला तर लाल साका, शिशाचा टाकला तर लखलखीत पिवळा. पुढच्या वर्षी त्याने कोळशासोबत मुशीत तापवून करड्या सुयांसारखा धातू मिळवला. इतके रंग देणाऱ्या या धातूचं नाव ठेवलं क्रोमियम, ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग यावरून. पाचूचा हिरवा रंगही त्याचाच, हेही व्होक्लँनेच दाखवलं.

तो शिशाचा पिवळा साका म्हणजेच क्रोम पिवळा, लेड क्रोमेट. खाणीतला खडा महाग होता, पण क्रोमियमची दुसरी, मुबलक खनिजं फ्रान्समध्ये आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरजवळ सापडली आणि रंग स्वस्त झाला. इंग्लंडात राजकन्या शार्लटची बग्गी या रंगाने रंगवली तेव्हा तर त्याची टूमच निघाली. व्हॅन गॉगने १८८८मध्ये आर्लला सूर्यफुलं रंगवली ती याच रंगात. उजेडाने त्यातला क्रोमियम बदलतो आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो, हे क्ष-किरणांनी तपासणाऱ्यांनी २०११मध्ये दाखवलं.

व्होक्लँ १८२९मध्ये, आपल्या गावीच, वारला. त्याच्या साक्याचा पुढचा मुक्काम मात्र त्याच्या स्वप्नातही आला नसता: हळद.

हळद काढली की शिजवतात, उन्हात वाळवतात, मग हळकुंडं ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. साल निघते, आतला रंग खुलतो. १९८०च्या दशकात बांगलादेशात मोठा पूर आला, हळद भिजली, वाळली ती काळपट. व्यापाऱ्यांनी पॉलिशच्या ड्रममध्येच लेड क्रोमेट टाकायला सुरुवात केली. माल उजळला, भाव आला. आणि पाऊसमान सुधारलं तरी सवय सुटली नाही. गिऱ्हाईक पिवळाधमक माल उचलतं, मग फिकी पण चोख हळद घाऊक बाजारात कोण धरणार? भिंतीच्या चुन्यात घालतात त्या पिवडीची गोष्ट वेगळी, ती भिंतीवर राहते. रंगवलेली हळद मात्र आमटीत जाते, आणि तिच्यातलं शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. शिवाय चवीवरून किंवा वासावरून ते कळायला काहीच मार्ग नाही.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याचा छडा लावल्यावर बांगलादेश सरकारने २०१९पासून घाऊक बाजारांवर छापे टाकले, दंड केले, दुकानदारांना जागेवर तपासणी करून दाखवली. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१मध्ये एकातही नाही. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम आहे. याच संशोधकांनी भारतासह शेजारी देशांतली हळद तपासली, तेव्हा पाटण्यातल्या नमुन्यात हा आकडा २,०००च्या वर गेला.