नावानिशी मत : प्रतिनिधीने कौल कुठे दिला, हे जनतेला कळू लागले त्याची कथा

१/ १ जून १८६९ रोजी अमेरिकेत एका यंत्राला ९०,६४६ या क्रमांकाचे पेटंट मिळाले. संशोधक होता बावीस वर्षांचा थॉमस एडिसन, आणि हे त्याचे पहिलेच पेटंट. यंत्र विधिमंडळासाठी होते. प्रत्येक सभासदाने आपल्या जागेवरूनच कळ फिरवायची, की त्याच्या नावासमोर 'होय' किंवा 'नाही' अशी नोंद तत्काळ उमटायची. यंत्र उत्तम चालले. पण ते कोणी घेतले नाही.

२/ एडिसनने पुढे सांगितलेली हकिगत अशी : वॉशिंग्टनमध्ये प्रात्यक्षिक पाहून समितीच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितले, की नेमके हेच आम्हाला नको आहे. नावे पुकारून मते घेण्यात जो वेळ जातो, तोच अल्पमतातल्या गटाच्या हातातले शस्त्र असतो.
मतांची नोंद ही वरवर पाहता कारकुनी बाब. प्रत्यक्षात तिच्यावरून तीन शतके झगडा चालला आहे. हा थ्रेड त्या झगड्याचा.

३/ प्रारंभ लंडनमध्ये. सभागृहातील भाषणे छापणे हा ब्रिटिश कॉमन्स सभेच्या विशेषाधिकाराचा भंग मानला जाई. या गुप्ततेला मुळात सबळ कारण होते. राजाविरुद्ध बोलणाऱ्या सभासदाचे नाव दरबारात पोहोचले, तर तुरुंगाची भीती असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाची ती दहशत ओसरली. पडदा मात्र तसाच राहिला. आता तो मतदारांपासून होता.

४/ १७३३ साली रॉबर्ट वॉलपोल यांनी तंबाखू आणि मद्यावरील अबकारी कराची योजना मांडली. लोकक्षोभ इतका उसळला, की ती मागे घ्यावी लागली. पण प्रकरण तिथे संपले नाही. योजनेच्या बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, यांच्या याद्या छापून बाहेर आल्या आणि १७३४ च्या निवडणुकीत प्रचाराला वापरल्या गेल्या. या याद्या अधिकृत नव्हत्या. सभासदाचे मत त्याच्या मतदारासमोर नेऊन ठेवण्याचे सामर्थ्य मात्र तेव्हाच दिसून आले.

५/ १७३८ मध्ये कॉमन्सने वृत्तांत छापण्यावरील बंदी पुन्हा ठणकावून सांगितली. त्यावर 'जंटलमन्स मॅगझिन'ने मोठी गमतीदार युक्ती काढली. गलिव्हरच्या प्रवासातील लिलिपुट या काल्पनिक देशाच्या सभागृहाचे वृत्तांत म्हणून त्याने ब्रिटिश संसदेतील चर्चा छापल्या. नावे किंचित बदललेली. वाचणाऱ्याला सारे समजत असे. पुढे काही वर्षे हे वृत्तांत लिहिणारा लेखक होता सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजीचा सुप्रसिद्ध कोशकार.

६/ १७७१ मध्ये प्रकरण हातघाईवर आले. वृत्तांत छापणाऱ्या मुद्रकांना पकडण्याचा हुकूम कॉमन्सने काढला. लंडन शहराच्या दंडाधिकाऱ्यांनी उलट मुद्रकांनाच संरक्षण दिले. जॉन विल्क्स हे या डावपेचामागचे मुख्य डोके. लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांना कॉमन्सने टॉवरच्या तुरुंगात धाडले. सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. नियम कागदावर राहिला, पण त्यानंतर तो बजावण्याची धमक सभागृहात उरली नाही.

७/ भाषणे छापली जाऊ लागली, तरी मतांची संपूर्ण यादी अजून मिळत नव्हती. याचे एक कारण इमारतीत दडले होते. मतविभागणीच्या वेळी एक बाजू आत बसून राही आणि दुसरी बाहेरच्या लॉबीत जाई. सर्वांची नावे टिपण्याची सोय त्या रचनेत नव्हती. १६ ऑक्टोबर १८३४ च्या आगीत जुने संसदगृह भस्मसात झाले. त्याआधी दोनच वर्षे मताधिकार विस्तारला होता आणि नवे मतदार हिशेब मागत होते.

८/ १८३६ मध्ये तात्पुरत्या सभागृहाला दुसरी लॉबी जोडण्यात आली. आता 'होय'वाले एका दारातून जाणार, 'नाही'वाले दुसऱ्या. दाराशी कारकून नावावर खूण करणार आणि गणक डोकी मोजणार. त्या वर्षापासून मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणे छापल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे मतविभागणीच्या संदर्भात आजही 'लॉबी' हा शब्द येतो, तो याच परंपरेतून.

९/ या छापील याद्यांच्या काळातच कॉमन्समध्ये एक हिंदी आवाज पोहोचला. मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. २ जून १८९३ रोजी सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला व दादाभाईंनी त्याला अनुमोदन दिले. ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, पण कोण कोणत्या बाजूला होते हे कागदावर राहिले.

१०/ हिंदुस्थानातील कायदेमंडळात मात्र मोजायला मतच नव्हते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली; अंदाजपत्रकावर मत घेण्याची दिली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे २६ मार्च १९०२ चे गाजलेले अंदाजपत्रकीय भाषण या चौकटीतले आहे. वाढत्या शिलकीचा अर्थ जनतेवर गरजेपेक्षा अधिक कर, असे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले. भाषणानंतर मतदान झाले नाही, कारण ते होणारच नव्हते.

११/ १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ठराव मांडण्याचा आणि त्यावर मते मागण्याचा हक्क आला. गोखल्यांनी तो लगेच वापरला. मार्च १९१० मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव, आणि १६ मार्च १९११ रोजी प्रत्यक्ष विधेयक. विधेयक अतिशय सावध होते : सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते, तेही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची मंजुरी असेल तिथेच.

१२/ विधेयक वर्षभर देशभर मतांसाठी फिरले. मार्च १९१२ मध्ये ते चिकित्सा समितीकडे सोपवावे, एवढाच प्रस्ताव कायदेमंडळापुढे होता. सरकारतर्फे शिक्षण खात्याचे सभासद हारकोर्ट बटलर विरोधात उभे राहिले. मदनमोहन मालवीय आणि मुहम्मद अली जिना गोखल्यांच्या बाजूने बोलले. १९ मार्चला मते मोजली गेली : बाजूने १३, विरुद्ध ३८.

१३/ हे दोन आकडे जरा थांबून वाचावेत. कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असल्याने पराभव ठरलेलाच होता. पण निवडून आलेल्या बिनसरकारी सभासदांची संख्या २५ च्या आसपास होती. नामनियुक्त बिनसरकारी सभासद आणखी वेगळे. गोखल्यांना मिळाली १३. म्हणजे बाजूची सारी मते निवडून आलेल्यांचीच धरली, तरी त्यांतले जवळजवळ निम्मे या साध्या विधेयकामागे उभे नव्हते. 'सरकारने विधेयक पाडले' या एका वाक्यात हे सत्य झाकले जाते. मतांची नोंद ते उघड करते.

१४/ हे होणार, याची गोखल्यांना पूर्ण कल्पना होती. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच सेवा करणे आले आहे, या आशयाचे उद्गार त्यांनी त्याच चर्चेत काढले. पराभव निश्चित असताना मतदान मागण्याचा अर्थ इथे कळतो. विधेयक संमत करून घेणे हातात नव्हते. प्रत्येकाला आपली बाजू नोंदवायला लावणे मात्र हातात होते.

१५/ एका मताने काय घडते, हे १९२८ मध्ये दिसले. केंद्रीय कायदेमंडळात 'पब्लिक सेफ्टी बिल' आले. परदेशी साम्यवाद्यांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला हवा होता. मते पडली ६१ विरुद्ध ६१. अध्यक्षपदी विठ्ठलभाई पटेल होते, १९२५ मध्ये निवडून आलेले पहिले हिंदी अध्यक्ष. त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाविरुद्ध टाकले. असा असाधारण कायदा हवा असेल तर सभागृहाचे बहुमत आपल्या बळावर मिळवा, ही त्यांची भूमिका होती.

१६/ ८ एप्रिल १९२९ हा दिवस आपण भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांच्यासाठी ओळखतो. त्या दिवशीचे कामकाज मात्र फारसे कोणाला आठवत नाही. 'ट्रेड डिस्प्यूट्स बिल' मतविभागणीने नुकतेच संमत झाले होते, आणि पुन्हा आणलेल्या पब्लिक सेफ्टी बिलावर निर्णय देण्यासाठी विठ्ठलभाई उभे राहत होते. तेवढ्यात बॉम्ब पडले.

१७/ स्वातंत्र्यानंतर १७७१ चा प्रश्न भारतातही उभा राहिला : संसदेत बोललेले छापले, तर वृत्तपत्रावर खटला होऊ शकतो का? फिरोज गांधी यांनी यासाठी अशासकीय विधेयक आणले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. आजवर संमत झालेल्या अवघ्या १४ अशासकीय विधेयकांपैकी ते एक. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या संरक्षणाला संविधानातच स्थान मिळाले.

१८/ भाषण छापण्याचा हक्क असा पक्का झाला. मतांचे काय? आपल्या संसदेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष 'होय'वाल्यांचा आणि 'नाही'वाल्यांचा आवाज ऐकून कौल जाहीर करतात. मतविभागणी मागितली गेली आणि ती झाली, तरच नावे नोंदली जातात. महाराष्ट्राच्या विधिमंडळात यालाच 'पोल' मागणे म्हणतात. आवाजाला नाव नसते. म्हणून अशा निर्णयात तुमच्या खासदाराचे मत कुठे गेले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

१९/ ही बाब एका पक्षाची नाही. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत तेलंगणनिर्मितीचे विधेयक गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाले. त्या वेळी थेट प्रक्षेपणही बंद पडले होते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयके अशीच संमत झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. दोन वेगळी सरकारे, दोन वेगळी सभागृहे. इतिहासकाराच्या हाती मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट उरते : नावांची कोरी जागा.

२०/ घटनादुरुस्तीचे तसे नाही. तिला विशेष बहुमत लागते, म्हणून मते मोजावीच लागतात. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातील दोघे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय व मुस्लिम महिलांना त्यात वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो वा न पटो. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही त्यांची बाजू नावासह सापडेल.

२१/ नोंद असली, तरी ती वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत दिले किंवा परवानगीविना गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे अनेकदा खासदाराचे मत म्हणजे पक्षाचेच मत असते. म्हणूनच अपवाद मोलाचे ठरतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. त्यात सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले आणि नॅशनल कॉन्फरन्सने त्यांना काढून टाकले.

२२/ मते मिळत नाहीत, म्हणून आज खासदाराचे प्रगतिपुस्तक हजेरी आणि प्रश्नांच्या संख्येवर लिहिले जाते. हे आकडे उपयोगी आहेत, पण ते जपून वाचावेत. मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही आणि ते प्रश्नही विचारत नाहीत; त्यांच्यापुढचा शून्य म्हणजे आळस नव्हे. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने. तोंडी उत्तर मिळते ते त्यांतल्या मोजक्यांनाच. आणि शंभर टक्के हजेरी असलेला सभासद आवाजी मतदानात नेमके काय म्हणाला, हे हजेरीपट सांगत नाही.

२३/ तेव्हा आपल्या प्रतिनिधीची नोंद चाळताना तीन प्रश्न विचारून पाहा. मतविभागणी झाली त्या दिवशी तो कुठे होता? त्याच्या प्रश्नांत मतदारसंघाचे नाव किती वेळा आले? आणि ज्या विधेयकाची आपल्याला सर्वाधिक चिंता होती, त्यावर मतविभागणी मागितली गेली होती का, मागितली असल्यास ती मिळाली का? पहिल्या दोहोंची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळांवर सापडतात. तिसऱ्यासाठी त्या दिवशीचे संपूर्ण कार्यवृत्त वाचावे लागते. वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.

(समाप्त)