खानदेशची शेतजमीन : मुद्दल आणि व्याज

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठी ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या आपल्या समाजास जमिनीचे मोल नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सोयरीक जुळविताना घर किती खणांचे हे नंतर, विहिरीस पाणी किती हे आधी विचारावे, अशी वडीलधाऱ्यांची रीत होती. अलीकडे मात्र दोन प्रकारचे प्रश्न ज्ञातिबांधवांच्या बैठकींतून वारंवार कानी पडतात. पुण्या-मुंबईस अथवा परदेशी स्थायिक झालेले बांधव विचारतात, की नोकरीतील शिल्लक गावाकडील शेतीत, फळबागेत किंवा द्राक्षमळ्यात घातल्यास ती पुढील पिढीस फळेल काय? आणि गावी राहिलेले बांधव विचारतात, की वाडवडिलांची जमीन विकून मोकळे का होऊ नये? या दोहोंस उत्तर देण्यापूर्वी खानदेशच्या भूमीचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालणे हिताचे ठरेल. भूमीवर पैसा लावण्याचा प्रयोग येथे नवा नाही, आणि त्याचे बरेवाईट फळही या भूमीने पूर्वीच पाहिले आहे.

सर्वांत जुने उदाहरण धुळे जिल्ह्यातील फड बागायतीचे होय. पांझरा, कान, बुराई या नद्यांवर, तसेच शेजारच्या बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर, काही शतकांपूर्वी आपल्या पूर्वजांनी दगडी बंधारे घातले व पाटाने पाणी शेतीस नेले. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडीत; त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात ज्वारी किंवा बाजरी. आणि पुढील वर्षी पिकांची फेरपालट करावयाची. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाणी देण्यास पाटकरी, पिकाच्या राखणीस जागल्या, आणि पाटातील गाळ काढण्यास सारा गाव. ज्या वर्षी नदीचे पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत. परंतु त्या फडात सर्वांचीच जमीन असल्यामुळे तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर सारखा वाटला जाई.

आज अर्थशास्त्राचे पंडित ज्यास गुंतवणुकीचे वैविध्य म्हणतात, ते हेच नव्हे काय? मात्र एक भेद लक्षात ठेविला पाहिजे. फडपद्धतीत पिके विविध होती, पण पाणी एक होते व ते सर्वांचे होते. पाणी हे मुद्दल, पीक हे व्याज. व्याज कोणी कसेही मोजो, मुद्दलास हात लावावयाचा नाही, हा त्या व्यवस्थेचा अलिखित दंडक होता.

१८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल सुरू झाला आणि पुढे रयतवारी मोजणी आली. १८५२ साली सावदा-फैजपूर भागातील रयतेने या मोजणीस विरोध केला. तथापि मोजणी झालीच. शेतसारा दीर्घ मुदतीसाठी ठरला आणि जमीन ही खरेदी-विक्रीची व गहाणाची वस्तू बनली. याच सुमारास, १८६१ साली, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव काही पटींनी चढले. त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खानदेशातून भुसावळच्या दिशेने येत होते. मग काय विचारता! ज्वारीची शेते मोडून कापूस पेरला गेला. ज्यास कालपर्यंत शंभर रुपये कर्ज मिळत नव्हते, त्यास जमिनीच्या तारणावर सावकार आपण होऊन पैसा देऊ लागला.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले व भाव कोसळले. मुंबईत शेअरांच्या सट्ट्यात मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. खेड्यातील कुणब्यास मात्र दिवाळे काढण्याचीही सोय नव्हती; त्याच्यामागे सावकाराची वही तेवढी उरली. याच दशकाच्या अखेरीपासून कर्जाचा फास दख्खनभर आवळत गेला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ साली सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला. त्यानंतर १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा ज्याच्या घरी कापसाच्या पैशाऐवजी ज्वारीची पेव होती, तोच तगला.

यात दोष कापसाचा नव्हे. त्याच कापसाने जळगावास पेठ दिली. १८७३-७४ च्या सुमारास तेथे मूळजी जेठा यांची कापडगिरणी उभी राहिली व पुढे अमळनेरास प्रताप गिरणी निघाली. भुईमुगाचे पीक वाढले तेव्हा १९४५ साली अमळनेरातच वनस्पती तुपाचा कारखाना स्थापन झाला. त्याचेच पुढे विप्रो या विख्यात उद्योगात रूपांतर झाले. नगदी पिकाने संपत्ती निर्माण होते, हे निर्विवाद आहे. परंतु ती संपत्ती जमिनीच्या मालकाकडे राहावयाची असेल, तर घरचे धान्य, बैलांची वैरण आणि ऋणमुक्त सातबारा या तीन गोष्टी आधी शाबूत असाव्या लागतात.

यानंतरचा अध्याय केळीचा. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत पर्वतावरून वाहून आलेल्या गाळाची खोल, सुपीक जमीन आहे. तिच्या पोटात पाणी जिरते व साठते. मोटेच्या काळात केळीबाग ही मातब्बरांची मिरास होती. विजेचे पंप आले, तशी ती सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम स्थिरावले. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीचे घड दिल्लीकडे जाऊ लागले. १९६३ साली जळगावात व्यवसायास आरंभ करणाऱ्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास प्रारंभ केला, आणि पुढे ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे यांचा या भागात प्रसार केला. जुन्या बसराई जातीची जागा ग्रँड नैन या जातीने घेतली. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले. अकरा-बारा महिन्यांत रोख पैसा हाती देणारी अशी फळे थोडीच. यावल-रावेरच्या दुमजली घरांचा पाया केळीच्या खोडावर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु येथेही मुद्दलास हात लागला. उघड्या विहिरी आटल्या म्हणून ट्यूबवेल आल्या. त्या आटल्या म्हणून शेकडो फूट अधिक खोल गेल्या. ठिबकने पाणी वाचले खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली गेली. परिणामी रावेर व यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत गणले गेले. दुसरे संकट जातीच्या एकसारखेपणाचे आहे. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या एकाच जातीच्या केळीवर मोठमोठे मळे उभे होते. पनामा रोग या मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा निर्यात-व्यापार संपुष्टात आणला. तेव्हा कॅव्हेंडिश वर्गातील केळीने तो व्यापार तारला. आपली ग्रँड नैन त्याच वर्गातील होय, आणि तिलाही मारणारा त्या रोगाचा नवा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नव्हे. एकाच खोडावर साऱ्या घराचा भार ठेवू नये, एवढाच तिचा अर्थ.

मग फळझाडे व द्राक्षे लावावीत काय? अवश्य लावावीत, पण त्यांचा काळ व स्वभाव ओळखून. केळी वर्षात फळते, द्राक्षाचा वेल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, लिंबू-मोसंबी चार-पाच वर्षांनी, आणि आंब्यास त्याहून अधिक धीर धरावा लागतो. या वाट पाहण्याच्या वर्षांचा भार हलका व्हावा म्हणून महाराष्ट्र शासनाने १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली, आणि कोरडवाहू रानांतही डाळिंब, बोर, आंबा उभे राहिले. तरीही कसमादे भागातील डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने उद्ध्वस्त झाल्या. शेजारच्या नाशिकच्या द्राक्षमळ्यांचे वैभव आपण पाहतो. पण २००९ च्या अवकाळी पावसाने त्यांची केलेली दुर्दशा आणि २०१० साली एका संजीवकाचा अंश सापडल्यामुळे युरोपात अडकून पडलेला त्यांचा माल आपण विसरतो. द्राक्षाचा मांडव उभारण्यास मोठे भांडवल लागते; ते कर्जाऊ असेल, तर एका रात्रीचा पाऊस १८६५ सालाची आठवण करून देऊ शकतो.

बाहेरगावच्या बांधवांनी कायद्याचाही विचार करावा. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास महाराष्ट्रात शेतजमीन सहसा घेता येत नाही. १९६१ चा कमाल धारणेचा कायदा, त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीसह, बारमाही बागायतीस १८ एकर व जिरायतीस ५४ एकर अशी मर्यादा घालतो. म्हणजे परदेशांतल्याप्रमाणे हजारो एकरांचे नानाविध मळे एका मालकाने जमविणे येथे संभवत नाही, आणि ते इष्टही नाही. आपल्याकडे वैविध्य साधावयाचे ते लहान क्षेत्रातच: थोडी ज्वारी व कडधान्य घरासाठी, थोडा कापूस वा केळी रोखीसाठी, बांधावर व हलक्या रानात फळझाडे पुढच्या पिढीसाठी. आणि ते एकट्याने न साधल्यास भाऊबंदांनी मिळून.

आमच्याच घराण्यातील गोष्ट सांगतो. तिघा भावांची वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली. पण पुढे प्रत्येकाची मोटार निराळी झाली, मग प्रत्येकाची ट्यूबवेल निराळी झाली. एकाने दोनशे फूट खणले म्हणून दुसऱ्याने तीनशे. आज त्या सामाईक विहिरीत पारवे राहतात. तिघांनी मिळून जो पैसा भूमीच्या पोटात घातला, त्यातून बाग वाढली नाही. एकमेकांचे पाणी तेवढे ओढले गेले. दुरावा आला तो वेगळाच. याला गुंतवणूक म्हणावे की घरातल्या घरात मांडलेली चढाओढ?

याच्या उलट उदाहरणही दूर नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ नंतर भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून साखळी बंधारे बांधण्यात आले. पावसाचे पाणी जमिनीत मुरविले गेले आणि कोरड्या पडलेल्या विहिरींस पुन्हा पाणी आले. ज्यांनी शतकांपूर्वी पांझरेवर फड बांधले, त्यांच्या बुद्धीस हे शोभण्यासारखेच आहे.

तेव्हा नोकरीतील शिल्लक गावी पाठवू इच्छिणाऱ्या बांधवांना एवढीच विनंती, की तिचा पहिला रुपया नव्या जमिनीत किंवा नव्या बागेत न घालता आहे त्या जमिनीच्या पाण्यात घालावा: विहिरीच्या पुनर्भरणात, नाल्याच्या बंधाऱ्यात, शेततळ्यात. तो रुपया कोणत्याही एका वर्षाच्या हिशेबात दिसणार नाही. पण त्याचे व्याज नातवंडे खातील. आणि जमीन विकू पाहणाऱ्या बांधवांनी सौदा करण्यापूर्वी भाऊबंदांस एकदा त्या जुन्या विहिरीच्या काठावर बसवून विचारावे, की मोटारी तीन असल्या तरी पाणी पुन्हा एक करता येईल काय? भाव चढतात व उतरतात, जाती येतात व जातात. मुद्दल शाबूत असले, की खानदेशची ही काळी आई कोणतेही बी रिकामे परत करीत नाही.