भदन्त नागसेनांची अट

पाली वाङ्मयातील 'मिलिन्दपञ्ह' हा ग्रंथ मुख्यतः रथाच्या दृष्टांतामुळे ओळखला जातो. आपल्या विहारांतील धम्मवर्गांतही अनात्मवाद समजावून देताना हाच दृष्टांत सांगितला जातो. परंतु त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर एक लहानसा संवाद येतो, त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. राजा मिलिंद पुन्हा वाद करण्याची इच्छा व्यक्त करतो तेव्हा भदन्त नागसेन एक अट घालतात. राजा पंडिताप्रमाणे वाद करणार असेल तर आपण तयार आहोत, राजाप्रमाणे करणार असेल तर नाही. दोहोंतील भेद राजाने विचारला असता ते सांगतात की, पंडितांच्या वादात खंडन होते, मंडन होते, चूक दाखविली जाते, ती दुरुस्तही होते आणि तरीही कोणी रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक मत मांडतो आणि जो त्याच्याशी असहमत होतो त्याला दंड होतो. पंडितवाद आणि राजवाद असे हे दोन शब्द आहेत. मिलिंदाने अट मान्य केली आणि एखाद्या श्रामणेराशी, उपासकाशी किंवा आरामातील सेवकाशी बोलावे तसे निःशंक बोलावे, अशी भदन्तांना विनंती केली.

ही अट का आवश्यक होती, हे ग्रंथानेच आधी सुचविले आहे. मिलिंदाच्या प्रश्नांपुढे कोणी टिकेना, तेव्हा सागल नगरी बारा वर्षे पंडितांवाचून ओस पडली, असे त्यात म्हटले आहे. प्रतिपक्ष निघून गेल्यावर उरते ती शांतता. तिला कोणी विजय म्हणत असेल तर म्हणो!

परमपूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने 1950 साली तेव्हाच्या औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. पुढे त्यास मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोघांची नावे एकाच भूमीला लाभावीत, हा केवळ अलंकार नव्हता असे मला वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या चावडीवर तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांची मुले तेथे बोलावयास शिकली. 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक उभे करणारे डॉ. गंगाधर पानतावणे याच परिसरातील अध्यापक होते.

मात्र हे बोलणे समाजाने सहजासहजी ऐकून घेतले नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिचे बहुतेक कार्यकर्ते तरुण होते आणि त्यांची भाषा धारदार होती. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील त्यांच्या सभेवर दगडफेक झाली व दंगल उसळली. पुढे 10 जानेवारीच्या मोर्चावर फेकलेल्या दगडाने भागवत जाधव या तरुणाचा परळ येथे बळी घेतला. सभेतील भाषण कठोर होते, असे समर्थन तेव्हाही केले गेले व आजही केले जाते. ते कठोर होते असे मान्य केले, तरी शब्दाला उत्तर शब्दानेच देता आले असते. प्रतिसभेला कोणाचीच मनाई नव्हती.

मराठवाड्यात जे घडले ते याहून व्यापक आणि अधिक भीषण होते. विद्यापीठाला कोणाचे नाव द्यावे, हा मुळात चर्चेचा प्रश्न. त्यावर विद्यार्थ्यांत मतभेद होते, आणि नामांतर नको असे सभेत उभे राहून म्हणण्याचा अधिकार विरोधी मताच्या विद्यार्थ्यालाही होता. युवक क्रांती दलाचे सवर्ण घरांतील कार्यकर्ते नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरता कामा नये. पण प्रदेशाच्या अस्मितेचा असा काही गजर करण्यात आला की, नामांतर मागणारा तो मराठवाड्याचा वैरी ठरला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव संमत केला आणि लगेच गावोगावच्या वस्त्या पेटू लागल्या. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशा शेतमजुरांची घरे जाळली गेली. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठरावाची अंमलबजावणी लांबत गेली आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्ताराच्या स्वरूपात ती झाली. मधल्या साडेपंधरा वर्षांत चर्चेने किती मार्ग काढला आणि भीतीने किती रोखून धरला, याचा हिशेब इतिहासकारांनी अजून पुरतेपणी मांडलेला नाही. नागसेनांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा राजाविना राजवाद होता. दंड देण्याचा अधिकार जमावाने स्वतःकडे घेतला होता.

येथपर्यंतचे विवेचन आपल्या वाचकांना मानवेल. पुढचे कदाचित मानवणार नाही. 1974 मध्येच पँथरमध्ये फूट पडली. बुद्ध की मार्क्स, हा वाद खऱ्या अर्थाने मोलाचा होता. तो वर्षानुवर्षे चालावयास हवा होता. तो चालला नाही. विचाराचे खंडन करण्याऐवजी विचार मांडणाऱ्याची निष्ठा तपासली जाऊ लागली आणि ही सवय आपल्या तरुणांच्या बैठकांतून अद्याप गेलेली नाही. या संदर्भात विनयपिटकातील कोसंबीचे प्रकरण द्रष्टव्य आहे. एका क्षुल्लक आपत्तीवरून तेथील भिक्षूंत भांडण लागले, ते एकमेकांना 'मुखसत्ती'ने, म्हणजे तोंडाच्या भाल्याने, भोसकू लागले आणि अखेर भोजनशाळेत हात उगारण्यापर्यंत मजल गेली. तथागतांनी समजावले, त्यांनी ऐकले नाही. तथागत कोसंबी सोडून गेले. शेवटी उपासकांनी त्या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले, तेव्हा ते ताळ्यावर आले. कोणी काठी उचलली नाही. भडक बोलणाऱ्यांना मिळणारा मान तेवढा काढून घेतला. आपल्या सभांत टाळ्या कोणत्या वाक्यांना पडतात, हे पाहिले म्हणजे कोसंबीच्या उपासकांचे मोल कळते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभापद्धतीचा, म्हणजे ठराव, गणपूर्ती व मतदान यांच्या नियमांचा, आवर्जून उल्लेख केला होता. त्याच भाषणात, संविधानिक मार्ग खुला असता रक्तरंजित मार्ग सोडला पाहिजे, असे त्यांनी बजावले. सत्याग्रहही सोडावा, असे ते म्हणाले होते, आणि तेवढा भाग आपल्या चळवळीने पाळला नाही हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु त्यांचा युक्तिवाद मार्ग खुला असण्यावर उभा आहे. तरुणांच्या सभेवर दगड टाकणारा, किंवा सभेतल्याच कोणाला गद्दार म्हणून गप्प बसविणारा, तो मार्ग बंद करीत असतो.

मिलिंद-नागसेनांचा तो संवाद संपला तेव्हा रात्र झाली होती. त्या रात्री राजाने आपण काय विचारले आणि ते नीट विचारले का, याचा विचार केला. नागसेनांनीही आपल्या उत्तरांचा तसाच विचार केला. सकाळी भेट झाली तेव्हा राजा म्हणाला की, नागसेनांना प्रश्न विचारले या आनंदात मी रात्र घालविली असे समजू नये. नागसेनांनीही राजाला तेच सांगितले.