कर्करोग उपचारातील संघकार्याचे मापन

कर्करोग उपचारातील संघकार्याचे मापन म्हणजे उपचारांची दिशा ठरविणाऱ्या वैद्यकीय बैठकीत रुग्णाविषयी कोणती माहिती मांडली गेली, चर्चेत कोणाचा किती सहभाग होता आणि निर्णय कसा झाला, यांचे ठरावीक निकषांवर केलेले गुणांकन होय. अशा बैठकीत शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ व परिचारिका एकत्र येतात. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कॅल्मन-हाइन अहवालानंतर या बैठकांचा प्रसार झाला. भारतात त्यांना बहुधा ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात.

पद्धत

सदस्यांना प्रश्नावली देऊन त्यांचे मत घेणे हा सोपा मार्ग होय. परंतु स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देताना हात सैल सुटतो. म्हणून त्रयस्थ निरीक्षकाची पद्धत पुढे आली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी विकसित केलेले ‘एमडीटी-मोड’ हे अशा साधनांपैकी एक प्रमुख साधन आहे. प्रत्येक रुग्णावरील चर्चेला त्यात १ ते ५ गुण दिले जातात. पूर्वेतिहास, क्ष-किरण व विकृतिशास्त्रीय अहवाल, सहव्याधी, मानसिक-सामाजिक स्थिती आणि रुग्णाचे स्वतःचे मत यांना वेगवेगळे गुण असतात. तसेच प्रत्येक शाखेच्या सहभागालाही. गुणांकन निरीक्षकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून दोन निरीक्षकांचे गुण ताडून पाहतात.

निष्कर्ष

ब्रिटनमधील मूत्रसंस्थेच्या कर्करोगाच्या बैठकांचे या साधनाने निरीक्षण केले असता पूर्वेतिहास व क्ष-किरण अहवालांची मांडणी चांगली आढळली. रुग्णाचे मत, सहव्याधी आणि मानसिक-सामाजिक माहिती मागे पडली. शल्यचिकित्सकांचा सहभाग सर्वाधिक, तर परिचारिकांचा सर्वांत कमी होता. रुग्णाच्या घरची परिस्थिती आणि त्याची भीती बहुधा परिचारिकेलाच ठाऊक असते, हे ध्यानात घेता ही बाब गंभीर आहे. गाठीची खडान्‌खडा माहिती असूनही माणूस चर्चेबाहेर राहू शकतो.

याची किंमत निर्णयाला मोजावी लागते. अन्ननलिका व जठराच्या कर्करोगासंबंधीच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बैठकीचे सुमारे १५ टक्के निर्णय प्रत्यक्षात अमलात आले नव्हते. सहव्याधी आणि रुग्णाची इच्छा ही त्यामागील मुख्य कारणे होती.

मर्यादा

निरीक्षक समोर असल्यास सदस्यांचे वर्तन बदलू शकते. शिवाय हे गुण चर्चेचे असतात, उपचारांच्या फलिताचे नव्हेत. चांगले गुण मिळविणाऱ्या संघाचे रुग्ण अधिक काळ जगतात, असा अर्थ त्यांवरून काढता येत नाही.