निवडीचा भार आणि अप्पिच्छता : धर्मानंद कोसंबींच्या निमित्ताने

धर्मानंद कोसंबी यांचे देहावसान ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात झाले, हे पालि भाषेच्या बहुतेक अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्याआधीच्या आयुष्यात या गृहस्थाने कोणकोणत्या गोष्टी हाताशी असताना सोडल्या, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. १९०८ च्या सुमारास ते कलकत्त्यात पालि शिकवीत होते. तेथे राहिले असते तर दरमहा २५० रुपयांपर्यंत वेतन मिळण्याची शक्यता होती. त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. महाराष्ट्रात राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच त्यामागील अपेक्षा होती. पुढे ‘विसुद्धिमग्गा’च्या संशोधनासाठी ते चार वेळा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि चारही वेळा परत आले. गोव्यातील सांखवाळ, काशीचे अन्नछत्र, सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेण, ब्रह्मदेश, फर्ग्युसन महाविद्यालय, गुजरात विद्यापीठ, परळचा बहुजन विहार, सारनाथ : इतक्या वाटा ज्याच्यापुढे खुल्या होत्या, तो माणूस प्रत्येक फाट्यावर घुटमळत राहिला असता तरी नवल नव्हते. तसे झालेले दिसत नाही.

पर्याय जितके अधिक तितके सुख अधिक, हे आजच्या बाजारपेठेचे गृहीतक आहे. त्याविषयी शंका घेणारा एक प्रयोग २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एका दुकानात मुरंब्याचे कधी २४ तर कधी ६ प्रकार चवीसाठी मांडण्यात आले. २४ प्रकारांपाशी थांबणारे ग्राहक अधिक होते. पण थांबलेल्यांपैकी खरेदी केली ती शेकडा ३ जणांनी. ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ३० होते. या निष्कर्षाचा पुष्कळ गाजावाजा झाला. मात्र २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे दुःखाचे मूळ केवळ संख्येत नाही. मग ते कशात आहे? या ठिकाणी पालि ग्रंथांकडे वळणे उपयुक्त ठरते.

पाच नीवरणांपैकी ‘विचिकिच्छा’ या नीवरणाचे भाषांतर आपण ‘शंका’ असे करून मोकळे होतो. ‘धम्मसङ्गणी’ने तिच्या पर्यायशब्दांत ‘द्वेळ्हक’ आणि ‘द्वेधापथ’ हे शब्द दिले आहेत. द्वेधापथ म्हणजे फुटलेली वाट, दुफाटा. त्याच यादीत ‘अनेकंसग्गाह’ असाही शब्द येतो. कोणतीच एक बाजू निश्चयाने न धरणे, हा त्याचा अर्थ. निवडीपूर्वीचे दुःख ते हेच. निवडीनंतरच्या दुःखाला वेगळे नाव आहे : ‘कुक्कुच्च’. जे केले आणि जे करावयाचे राहिले, या दोहोंविषयी मागाहून हळहळत राहणे हे त्याचे कार्य, असे बुद्धघोषाचार्य सांगतात आणि त्याला दास्याची उपमा देतात. ही उपमा मोठी मार्मिक आहे. न घेतलेल्या वाटेचा विचार करीत राहणारा मनुष्य घेतलेल्या वाटेवर चालत असतानाही स्वतःचा मालक नसतो. पर्याय वाढले की या दोन्ही नीवरणांना खाद्य मिळते; पण ती असतात चित्तात, दुकानात नव्हे.

‘विसुद्धिमग्गा’च्या दुसऱ्या परिच्छेदात तेरा धुतंगांचे विवेचन आहे. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. ‘सपदानचारिक’ भिक्षू भिक्षेसाठी घरामागून घर घेत जातो. चांगले अन्न मिळणारे घर हेरायचे आणि गरिबाचे ओलांडायचे, ही मुभा तो स्वतःहून सोडतो. ‘यथासन्थतिक’ भिक्षू जे निवासस्थान वाट्याला येईल त्यात समाधान मानतो. वस्तू कमी करणे येथे गौण आहे. येथे निवडच कमी केलेली आहे. कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली सिद्ध केली आणि त्याच्यावर ‘दीपिका’ही लिहिली.

परंतु धुतंगांची ही बाजू सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवदत्ताने भगवंतांपुढे पाच मागण्या ठेवल्या होत्या. भिक्षूंनी आजन्म अरण्यातच राहावे, भिक्षान्नच खावे, पांसुकूल चीवरच वापरावे, वृक्षाखालीच वस्ती करावी आणि मत्स्यमांस वर्ज्य करावे, असे नियम त्याला हवे होते. भगवंतांनी ही सक्ती नाकारली. ज्याला इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याला इच्छा असेल त्याने गावात राहावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अप्पिच्छता म्हणजे अल्पेच्छता; ‘इच्छा’ हा शब्द तिच्या पोटातच आहे. जेथे इच्छेला वावच नाही, तेथे ती अल्प आहे की अधिक, हा प्रश्न उद्भवत नाही.

सेवाग्रामच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळाले. आश्रमातील एकादश व्रतांत अस्वाद आणि अपरिग्रह यांचा समावेश होता. मातीच्या भिंती, मोजक्या वस्तू, सामुदायिक भोजन ही तेथील रीत. आश्रमात येणाऱ्यांनी ती निवडली होती. पण त्याच शेगावात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची वस्ती मोठी होती. त्यांच्याही घरांच्या भिंती मातीच्याच होत्या आणि वस्तूही मोजक्याच होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे साधेपणच दिसले असते. एकीकडे ते व्रत होते, दुसरीकडे जातीने लादलेली स्थिती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात नेमके हेच दाखविले की, जातिव्यवस्थेत माणसाचा व्यवसाय त्याच्या आवडीने वा पात्रतेने ठरत नाही. तो जन्माआधीच ठरलेला असतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तृष्णात्यागाचे विवेचन करताना त्यांनी आणखी एक इशारा दिला. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे, आणि दरिद्री लोकांना धन्य म्हणून भगवंतांनी गौरविलेले नाही. ‘सन्तुट्ठि’वर प्रवचन करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने श्रोत्यांत कोण बसले आहे हे पाहूनच तोंड उघडावे, असे मला वाटते.

कोसंबींच्या अखेरच्या निर्णयाविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. १९४६ साली आरंभिलेले उपोषण त्यांनी गांधीजींच्या आग्रहावरून सोडले होते. सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. या निर्णयावर पार्श्वनाथांच्या परंपरेविषयीच्या त्यांच्या आदराची छाया दिसते. मज्झिमा पटिपदेशी तो जुळतो असे मला म्हणवत नाही. त्यांची खरी अप्पिच्छता मला १९०८ च्या त्या पन्नास रुपयांत दिसते.

विचिकिच्छा आणि चिकित्सा या एक नव्हेत, याचे उदाहरण सेवाग्रामहून फार दूर नसलेल्या नागपूरने दाखविले. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांपुढे शीख, ख्रिस्ती, इस्लाम असे अनेक धर्म निमंत्रण घेऊन उभे होते. त्यांनी एकवीस वर्षे अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी निर्णय अमलात आणला. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत नव्या धम्माचा स्वीकार आहे, तसा जुन्या देवदैवतांचा नावानिशी त्यागही आहे. मागे वळून पाहण्याचा दुफाटा तेथेच बुजविला गेला. धम्म स्वीकारल्यास अनुसूचित जातींच्या सवलती जातील, ही चर्चा तेव्हाही होत होती. लोकांनी ते जाणून प्रतिज्ञा उच्चारल्या. केंद्र शासनाने बौद्धांना त्या सवलती लागू केल्या त्या १९९० साली, चौतीस वर्षांनंतर.